एकच रांग

आदल्या दिवशी आईने एका निवृत्त जनरलला रांगेत बसवलं होतं, त्यामुळे ती फार खुशीत होती.

संध्याकाळी मी गेले तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो प्रसंग बाबांना दुसऱ्यांदा सांगत होती. बाबा बटाटे सोलत होते. आईची गोष्ट ऐकताना नेमकं कुठे हसायचं हे त्यांना संसाराच्या अनुभवाने ठाऊक झालं होतं आणि ते तिथेच हसत.

"मला म्हणतो, 'मॅडम, आपण मला ओळखलं नाही वाटतं.' मी म्हटलं, 'ओळखलं ना, सर. म्हणून तर खुर्ची पुसून देतेय. बसा.'"

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय, बसला! शेजारी आपला तो आचारी, कानात यंत्र घालतो तो. त्याने जनरलला स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्यापासून सांगितलं. ओरडून. सगळ्या हॉलला कळलं. उठताना जनरल मला म्हणतो, 'मॅडम, याच्यापेक्षा कोर्ट मार्शल बरं.'"

इथे बाबा हसले. मीही हसले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला उशीर का झाला?"

आमच्या घरात उशिरा येणाऱ्याला कारण विचारलं जायचं आणि कारण सांगितल्यावर ते खरं आहे का हे पाहिलं जायचं. आई मिलिटरी पोलिसांत होती, आणि तिथून ती कागदोपत्री बाहेर पडली होती, एवढंच. पुढे ती माजी सैनिकांच्या इस्पितळात सुरक्षा अधिकारी झाली, मग रात्रीचे वर्ग करून व्यवस्थापन शिकली आणि शेवटी त्याच इस्पितळाची प्रमुख झाली. बढतीबद्दल अभिनंदन करायला आलेल्यांना तिने सांगितलं होतं, "काम तेच आहे. पूर्वी मी त्यांना पळून जाऊ देत नव्हते, आता मरू देत नाही."

ती येण्यापूर्वी इस्पितळात दोन रांगा होत्या. अधिकाऱ्यांच्या रांगेला पंखा होता आणि इतरांच्या रांगेला भिंत. आईने पहिल्याच आठवड्यात अधिकाऱ्यांची रांग बंद केली आणि पंखा मधोमध लावला. दारावर पाटी आली: 'रांग एकच. हुद्दा बाहेर ठेवावा.' पाटीखाली छत्र्या ठेवायचा स्टँड होता, त्यामुळे हुद्दा नेमका कुठे ठेवायचा याबद्दल कोणाच्या मनात शंका राहिली नाही.

एकच सवलत होती. काउंटरवरची नर्स टोकन देताना प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायची: छातीत दुखतं का, श्वास लागतो का, चक्कर येते का. एकाला जरी हो म्हटलं तरी टोकन राहिलं बाजूला, माणूस थेट आत. हे प्रश्न आईनेच घालून दिले होते. त्यामागे एक माणूस होता. मिलिटरी पोलिसांत असताना तिने छावणीच्या फाटकावर एका जवानाला पकडलं होतं. तो थरथरत होता, बरळत होता, घामाने निथळत होता. दारू प्यायलाय, असं समजून तिने त्याला कोठडीत टाकलं. त्याची साखर उतरली होती. तो वाचला, पण नंतर त्याला स्वतःच्या बायकोची ओळख पटेना. चौकशी झाली. आईने सगळं नियमाप्रमाणे केलं होतं, तेव्हा ती निर्दोष सुटली. तिला ते फार लागलं. शिक्षा झाली असती तर ती बहुधा पोलिसांतच राहिली असती. सुटली म्हणून तिने लष्करी इस्पितळात पहाऱ्यावर बदली मागून घेतली; माजी सैनिकांचं इस्पितळ त्यानंतरचं.

त्या संध्याकाळी ती थोडंच जेवली. जनरलने भूक मारली, म्हणाली. झोपायला जाण्यापूर्वी नेहमीप्रमाणे दाराची कडी ओढून बघितली आणि मला म्हणाली, "जाताना गाडी हळू चालव. मी बघणार नाहीये म्हणून काय झालं."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

•

नंतरच्या दिवसांत घरात इतकी माणसं येऊन बसली की शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणाव्या लागल्या. मामाने त्या भिंतीला लावून एका ओळीत मांडल्या. येणारा माणूस शेवटच्या खुर्चीवर बसायचा, पुढचा उठला की एकेक खुर्ची सरकत बाबांच्या शेजारी पोचायचा, दोन शब्द बोलायचा आणि जायचा. कोणी तसं सांगितलं नव्हतं. आलेले बहुतेक सगळे आईच्या इस्पितळातले होते.

त्या दुपारी इस्पितळाच्या मंडळाचे अध्यक्ष येणार होते. ते भेटायला येणार होते आणि विचारायलाही. काउंटरवरच्या नर्सला त्यांनी घरी बसवलं होतं. तिचा आवाज खणखणीत, टोकनचे आकडे पुकारले की झोपलेले म्हातारे दचकून उठत, म्हणून आई तिला घंटी म्हणायची. आई टोकन घेऊन रांगेत बसली आणि तिथेच गेली; घंटीने तिला तीन प्रश्न विचारलेच नाहीत, असा ठपका होता. ती म्हणत होती, विचारले. अध्यक्षांनी फोनवर सांगितलं होतं, "कुटुंबाचं काय म्हणणं आहे ते ऐकतो आणि मग तिचं काय करायचं ते ठरवतो. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

"म्हणणं काय असायचंय?" दादा म्हणाला. "सरळ आहे. कामावरून काढा. दुसरीकडेही उभी राहता कामा नये."

दादा विमा कंपनीत दावे तपासतो. आग लागो, छत कोसळो, त्याच्या मते जगात आपोआप काहीच होत नसतं. कोणीतरी काहीतरी बंद करायला विसरलेलं असतं. तो दूरच्या शहरातून आला तोवर सगळं उरकलं होतं, आणि तेव्हापासून तो उभाच होता. बसला की त्याला काय वाटेल याची त्याला भीती होती, असं मला वाटतं. आईवर रागावणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. घंटीवर रागावणं त्या मानाने सोपं होतं. तिला त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

"जाऊ दे रे," बाबा म्हणाले. "लहान आहे ती पोरगी. तिला काढून काय मिळणार आपल्याला?"

"काढण्याचा प्रश्न नाही, भाऊजी," मामा म्हणाला. "ती काय सांगत सुटलीय ते बघा. म्हणे मी विचारलं आणि मॅडम नाही म्हणाल्या. छातीत एवढं दुखत असताना? डॉक्टर म्हणतात, रात्रीपासून दुखत असणार. म्हणजे याचा अर्थ काय होतो?"

"काय होतो?"

"ताई खोटं बोलली, असा होतो."

बाबांनी हातातला चष्मा नाकावर ठेवला आणि पुन्हा काढला.

आईच्या खरेपणाबाबत मामा घराण्यातला सगळ्यात मोठा जाणकार होता, कारण त्याने ते स्वतःच्या अंगावर तपासून पाहिलं होतं. तरुणपणी तो रसद खात्यात होता. एकदा रजा संपूनही दोन दिवस जास्त राहिला, परत जाताना स्टेशनवर उतरला, तर समोर मिलिटरी पोलिसांची लाल टोपी घालून सख्खी बहीण उभी. त्याने तिला मिठी मारली. तिने त्याचा रजेचा कागद मागितला.

"मी म्हटलं, ताई, एक सही कर, गाडी उशिरा आली म्हणून लिही," मामा आता समोरच्या खुर्च्यांना सांगत होता. "ती म्हणाली, गाडी वेळेवर आलीय. मी म्हटलं, अगं, मी तुझा भाऊ आहे. ती म्हणाली, म्हणून तर डबा आणलाय, कोठडीत खा. माझी बढती गेली, अहो! आयुष्यभर मागे पडलो मी त्या एका सहीवाचून. आणि ही पोरगी सांगणार की ती बाई काउंटरवर खोटं बोलली?"

समोरच्या खुर्च्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एकदोघांना आईने पूर्वी आत टाकलं होतं, ते जरा जास्तच डोलावत होते.

मामाला ही गोष्ट सांगताना मी लहानपणापासून ऐकत आलेय. पूर्वी तो ती रागाने सांगायचा, मग विनोदाने सांगायला लागला, आणि आता अभिमानाने. ते समजण्यासारखं आहे. ती एकदा जरी कोणासाठी खोटं बोलली असती, तर मग त्याच्यासाठी का नाही, हा प्रश्न उरला असता.

"मला कधी ती खोटं बोललेली आठवत नाही," बाबा हळूच म्हणाले.

"बघा!" मामा म्हणाला.

"मग झालं तर," दादा म्हणाला. "ती खोटं बोलत नाही, दुखत होतं, म्हणजे विचारलंच नाही. बाबा, तुमचीही हरकत नाही ना?"

बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. शाळेत चित्रकला शिकवताना वर्गात गोंधळ झाला की ते असेच बाहेर बघायचे, हे मला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलंय. "तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. एवढ्यावर ते दादा-मामाच्या बाजूला गेले.

मला कोणी विचारलं नाही. म्हणजे दादाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "छोटे, तू होतीस ना? ऐकलंस तिने काही विचारलेलं?" तेव्हा मी म्हटलं होतं, "गलका होता." ते खरंच होतं. तिथे रोजच गलका असतो.

•

जनरलची गोष्ट ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला होता. "जरा इस्पितळात जायचंय. गाडी तू चालव." वाटेत माझं चौथ्या गिअरमधलं वळणसुद्धा तिने बोलून दाखवलं नाही. काउंटरवर घंटी उठून उभी राहिली.

"मॅडम! आत चला ना तुम्ही."

"टोकन दे."

"मॅडम, पण—"

"आणि प्रश्न कोण विचारणार? मी?"

घंटीने विचारलं. नेहमीचा खणखणीत आवाज इतका खाली आला होता की मला वाकून ऐकावं लागलं. मी वाकले होते, म्हणून मला ऐकू आलं. छातीत दुखतं का? नाही. श्वास लागतो का? नाही. चक्कर? नाही गं, जरा जळजळतंय. आईने नर्सेसना शिकवून ठेवलं होतं, सैनिक नाही म्हणाला की त्याच्या तोंडाकडे नीट बघा. पण आईच्या तोंडाकडे नीट बघायचं धाडस अख्ख्या इस्पितळात कोणाला होतं? घंटीने टोकनकडे बघितलं आणि ते पुढे केलं.

आम्ही बाकावर बसलो. आईच्या आधी आलेले बरेच होते. थोड्या वेळाने तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण ती कधी कोणावर टेकत नसे. मी हलले नाही. मग तिच्या हातातलं टोकन खाली पडलं. त्यानंतर सगळे धावले आणि सगळ्यांनी सगळं बरोबर केलं.

•

"वन्सं, इकडे या जरा," वहिनीने स्वयंपाकघरातून हाक मारली. ती मला वन्सं म्हणते ते चिडवायला. एरवी तिचं माझं बरं आहे.

चहाच्या कपांचा ढीग पडला होता. वहिनीने नळ जोरात सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही.

"तुम्ही शेजारी होतात ना तेव्हा?"

"होते."

"मग?"

"मग काय?"

"हे बघा, मी दातांची डॉक्टर आहे. दिवसभर खोदायचंच काम करते. घरी तरी माझ्याकडून करवून घेऊ नका."

मी कप विसळायला लागले.

"माझ्या खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस म्हणतो, दुखत नाही," वहिनी म्हणाली. "हात खुर्चीचा दांडा पिळत असतो आणि तोंड म्हणत असतं, नाही. मोठमोठी माणसं. सासूबाईंनाच तेवढं जमत नसेल, असं मला पहिल्यापासून वाटत नव्हतं."

"मग दादाला का नाही सांगितलंस?"

"त्यांना काय सांगू? तुमची आई खोटं बोलली असणार, मला वाटतंय म्हणून? सुनेने?" ती हसली. "मी तिकडे होते तेव्हा त्यांच्या बाजूने मान डोलावत होते. इथे येऊन तुमच्या बाजूने डोलावतेय. तिकडे गेले की पुन्हा त्यांच्या बाजूने."

"आणि मी बोलले तर?"

वहिनीने नळ बंद केला. "तर त्या पोरीची नोकरी वाचेल. आणि बाबा... त्यांचं मला माहीत नाही. त्यांच्याकडे तेवढंच उरलंय, की ती कधी खोटं बोलली नाही. दोन्ही वाचत असतील तर सांगा, मी मदत करते. मला तरी दिसत नाहीत."

तिने माझ्या हातातला कप काढून घेतला. तो माझा केव्हाच धुऊन झाला होता.

आम्ही बाहेर आलो तेव्हा दादा एका मुलीला चहा देत होता. ती शेवटच्या खुर्चीवर बसली होती, दाराला अगदी लागून, बॅग मांडीवर घट्ट धरून.

"घ्या ना," दादा अगदी मऊपणे म्हणत होता. "फार लांबून आलात? आईने तुम्हाला शिकवलं होतं का? रडू नका. बिस्कीट घ्या."

मी जागच्या जागी थांबले. ती घंटी होती.

तिनेही मला बघितलं. ती पुढे सरकली नव्हती. तिच्यापुढच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या तरी ती शेवटचीच धरून बसली होती. वहिनीने माझ्या पाठीत हलकेच कोपर मारलं.

तेवढ्यात अध्यक्ष आले. उंच, स्वच्छ, नरम बोलणारे गृहस्थ. बाबांचा हात हातात घेऊन त्यांनी नवीन विभागाला आईचं नाव द्यायचं ठरल्याचं सांगितलं. मग अध्यक्षांची नजर दाराकडे गेली.

"तुम्ही इथे कशा?"

"सर, भेटायला आले होते," घंटी उठून म्हणाली. आवाज आपोआप खणखणीत निघाला आणि सगळी खोली दचकली.

दादाने तिच्या हातातल्या बिस्किटाकडे बघितलं. ते परत घ्यावं की काय, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. मग त्याचे कान लाल झाले.

"ही ती?" तो मला म्हणाला. "छोटे, ही?"

"मी विचारलं होतं हो," घंटी त्याला म्हणाली. "तिन्ही प्रश्न विचारले होते. मॅडमना न विचारता टोकन दिलं असतं, तर त्यांनीच मला काढलं असतं."

"आणि ती काय म्हणाली?" मामा खुर्चीतून पुढे झाला.

घंटी बाबांकडे वळली. आपली नोकरी जात असताना तिने बाबांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि ती बोलली नाही.

"सांग ना! बोल. काय म्हणाली माझी बहीण?"

"राहू दे, सर," ती अध्यक्षांना म्हणाली. "तुम्ही ठरवाल ते."

"तसं नाही चालत," अध्यक्ष जरा अवघडून म्हणाले. घाईघाईने संपवायला आलेल्या कामात आता माणूस समोर उभा राहिला होता. "कुटुंबाचं एकमत आहे ना?"

"आहे," दादा म्हणाला. पण बिस्किटाकडे न बघता.

"आहे," मामा म्हणाला.

वहिनी एव्हाना दादाजवळ कप गोळा करत होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि दादाच्या शेजारून निघून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दादाने तिच्याकडे बघितलं. तिने नुसत्या भुवया उंचावल्या.

"तिथे त्या वेळी घरचं कोण होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाबांनीही. ते इतके दिवस मला काही विचारत नव्हते. का, ते मला आता कळलं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

"मी होते," मी म्हणाले. "हिने विचारलं होतं. मी वाकून ऐकलं. छातीत दुखतं का, श्वास लागतो का, चक्कर येते का. तिन्ही."

"गलका होता म्हणालीस ना तू?" दादा म्हणाला.

"गलका होताच. तरी ऐकलं."

"मग ताई काय म्हणाली?" मामाचा आवाज चिरका झाला होता.

बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं नीट दिसत नाही.

"तिन्ही वेळा नाही म्हणाली," मी म्हणाले. "मी तिच्याजवळच उभी होते. तिला रांग मोडायची नव्हती. कोणी म्हटलं असतं, मॅडम स्वतः मात्र थेट आत गेल्या, ते तिला चाललं नसतं. बाकी सगळं चाललं. आम्ही चाललो. आई खोटं बोलली, बाबा. आणि मला तिचा राग आलाय. मला तिचा फार राग आलाय."